बाथरूमच्या टाइल्स: पहिली टाइल नक्की कुठे लावायची?

निळी_छत्री
कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीतल्या आमच्या घरावर वरचा मजला चढवलाय. गिलावा झाला, प्लंबरचे पॉइंट काढून झाले, सोमवारपासून बाथरूमच्या टाइल्स. काल गवंडीमामांना विचारलं, सुरुवात कुठून करणार? म्हणाले, "वहिनी, दाराच्या मागनं धरायचं आणि येईल तसं न्यायचं." हे 'येईल तसं' काही माझ्या गळी उतरेना.

मापं देते. दार उघडल्यावर समोर दिसणारी भिंत १४४० मिमी, बाजूच्या दोन्ही भिंती २१३० मिमी. टाइल ३०० बाय ६००, आडवी लावायची. खालच्या तीन रांगा गडद राखाडी, मग एक रांग हायलायटर (नक्षीची टाइल), वर तीन रांगा फिकट. टाइल्स चौकटीच्या उंचीपर्यंतच, त्यावर रंग. वॉल मिक्सर (गरम-गार पाण्याचा नळ) समोरच्या भिंतीवर आहे, पण मधोमध नाही. आत कॉलमची सळई आली म्हणून प्लंबरने तो डावीकडे तीन इंच सरकवलाय.

तर प्रश्न असा, की कोपऱ्यापासून अख्खी टाइल धरायची का भिंतीचा मध्य काढून दोन्हीकडे जायचं? आणि खालून वर जायचं की वरून खाली? मिस्टर म्हणतात गवंड्याच्या कामात लुडबुड करू नकोस. म्हणून इथे लुडबुड करते.

तांबडा_पांढरा
पहिली टाइल भिंतीवर लावायची. बाकीचं गवंडी बघून घेतील.

जुनाजाणता
आमच्या वेळी आठ बाय बाराच्या पांढऱ्या टाइल्स, कमरेपर्यंत, वर ऑइलपेंट. कोपऱ्यापासून सुरू, कोपऱ्यात संपली. चाळीस वर्षं अंघोळ करतोय, अजून कोणी मध्य विचारलेला नाही.

उद्यमनगरी
काका, आठ इंची टाइलला खपून जायचं. तुकडा छोटा आला तरी टाइलच छोटी, डोळ्यात भरत नव्हता. दोन फुटी टाइलशेजारी चार इंचाची पट्टी आली की बाथरूम चुकून कमी पडल्यासारखं दिसतं.

ताई, तुमच्या समोरच्या भिंतीचं गणित मांडतो. स्पेसर, म्हणजे दोन टाइल्समधला सांधा सारखा ठेवणारा तुकडा, २ मिमी धरलाय.

कोपऱ्यापासून सुरू केलं तर ६०० अधिक २ अधिक ६०० म्हणजे १२०२. उरले २३८, त्यातला सांधा वजा करून २३६ ची पट्टी एका बाजूला. मध्यावर सांधा धरला तर दोन अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही कोपऱ्यांत ११७-११७ च्या चिंध्या. मध्यावर टाइलचं पोट धरलं, म्हणजे टाइलचा मध्य भिंतीच्या मध्यावर, तर मधे अख्खी ६०० आणि दोन्हीकडे ४१८-४१८. तिसरं घ्या, डोळे झाकून.

पेठेतला
तिसऱ्यात तुकडे जास्त वाया जातात, ते कोण सांगणार?

उद्यमनगरी
सांगतो की. ४१८ कापल्यावर १८२ उरतो, तो त्या रांगेत परत कामाला येत नाही. म्हणजे रांगेला ३ टाइल्स, सात रांगांना २१. कोपऱ्यापासून गेलात तर एका टाइलमधून २३६ च्या दोन पट्ट्या निघतात, म्हणून रांगेला अडीच, एकूण १८. फरक तीन टाइल्सचा. तीनशे बाय सहाशेची एक टाइल साधारण दोन चौरस फूट, म्हणजे सहा चौरस फूट मालाचा प्रश्न. त्यातले १८२ चे तुकडे खिडकीच्या गालाला लागतात, फेकायचे नाहीत.

माहेर_गडहिंग्लज
सहा चौरस फुटासाठी जन्मभर चिंध्या बघायच्या का? आमच्या भाड्याच्या घरात कमोडच्या मागे दोन बोटांची पट्टी आहे. रोज सकाळी तिच्याकडे बघूनच दिवस सुरू होतो.

तांबडा_पांढरा
पुण्यात पाटी दारावर लावतात, कोल्हापुरात पट्टी कोपऱ्यात. एवढाच फरक.

सदाशिवपेठी
दारावरची पाटी निदान वाचून तरी लोक सुधारतात.

गुण्या_ओळंबा
वडील गवंडी, मी पण ह्याच धंद्यात, आता ठेके घेतो. उद्यमनगरींनी गणित बरोबर मांडलंय, पण ताई, तुमच्याकडं मध्य ठरवायच्या आधी मिक्सर बघायचा. तो जाग्यावरनं हलत न्हाय, टाइल हलते.

वॉल मिक्सरच्या दोन तोंडांमध्ये सहा इंच अंतर असतं, म्हणजे १५० मिमी. भिंतीचा मध्य ७२० वर. मिक्सर डावीकडं ७५ सरकलाय, म्हणजे त्याचा मध्य ६४५ वर, आणि दोन भोकं डाव्या कोपऱ्यापासून ५७० आणि ७२० वर. आता लावा. मध्यावर सांधा धरला तर उजवं भोक बरोब्बर सांध्यावर. डाव्या कोपऱ्यातनं अख्खी टाइल धरली तर डावं भोक पहिल्या टाइलच्या कडेपासून ३० वर. भोक मोठं पाडायला लागतं, कड आणि भोक ह्यात जेमतेम अर्धा इंच उरतो. तिथं टाइल टिचतीच. ग्राइंडरनं पाडा न्हायतर होलसॉनं. मधोमध टाइलचं पोट धरलं तर मधली टाइल ४२० पासून १०२० पर्यंत आणि दोन्ही भोकं तिच्या अंगात, कडेपासून लांब.

म्हणजे उत्तर तेच आलं, पण कारण हे.

उद्यमनगरी
मान गये. मिक्सर मी धरलाच नव्हता.

निळी_छत्री
गुण्यादादा, मी कागदावर काढून बघितलं, बरोबर तसंच येतंय. उजव्या कोपऱ्यातून अख्खी धरली तर?

गुण्या_ओळंबा
चालतं. भोकं सुटतात, पण २३६ ची पट्टी डाव्या कोपऱ्यात येती. दार कुठल्या बाजूला उघडतंय त्यावर बघा. पट्टी दाराच्या पल्ल्यामागं झाकत असंल तर वाईट न्हाय. पण ही समोरची भिंत हाय, समोरच्या भिंतीला कशानं झाकणार?

सिव्हिल_सायलेंट
एक शंका. १४४० हे गिलाव्यापासून गिलाव्याचं माप आहे ना? समोरच्या भिंतीच्या टाइल्स आधी लागणार आणि बाजूच्या भिंतींच्या टाइल्स त्यांना येऊन भिडणार. सिमेंटच्या मालात लावल्या तर टाइल आणि माल मिळून साधारण २० मिमी दोन्ही बाजूंनी आत येतात. म्हणजे दिसणारी भिंत १४०० उरते. ४१८ चे ३९८ दिसतील, काही बिघडत नाही. पण कोणी ११७ ची पट्टी धरली असेल तर ती ९७ वर येते. आणि एकाच बाजूचा गिलावा जाड-पातळ असेल तर 'मध्य' पण सरकतो. म्हणून मध्य काढताना बाजूच्या भिंतींना टाइल लागल्यावर चेहरा कुठे येणार, ते धरून काढावा.

समोरची भिंत आधी का, हेही सांगतो. तिच्या कापलेल्या कडा बाजूच्या टाइलमागे जातात. दारातून बघणाऱ्याला कोपऱ्यातली फट जवळजवळ दिसतच नाही. उलट केलं तर कोपऱ्यातला प्रत्येक सांधा थेट तोंडासमोर येतो.

पेठेतला
ही सगळी मापं सरळ भिंतीची. आमच्याकडे या शिवाजी पेठेत. दगडी भिंत, काळा दगड, दोन फूट जाड, आजोबांच्या आधीची. खाली १३९०, वर १४१५. ओळंबा सोडला तर भिंत वर जाता जाता एक इंच मागं जाते. आता सांगा मध्य.

गुण्या_ओळंबा
अशा भिंतीला आधी टाइल न्हाय, आधी गिलावा. ओळंब्यात घेऊन एक पट्टा वर, एक पट्टा खाली, त्यावरनं रंधा फिरवायचा. एक इंच फरक टाइलच्या मागं मालात भरून काढतो म्हणणारा गवंडी भेटला तर चहा पाजून वाटंला लावा. नंतर टाइल पोकळ वाजती.

आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, हाय का ते बघायला एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायची, तिरका टेप बरोबर पाच फूट आला पायजे. न आला तर फरक कुठल्या बाजूला दडवायचा ते ठरवायचं. दडवायला जागा असती ती दाराच्या मागं.

शाहूपुरी_पूर
पोकळ वरून आठवलं. आमचं कुंभार गल्लीत. २०१९ ला खालच्या मजल्यात महापुराचं पाणी होतं, २०२१ ला परत. पाणी ओसरल्यावर बाथरूमच्या टाइल्सवर नाणं वाजवत फिरलो, अर्ध्या भिंतीचा आवाज डब्यासारखा. काढल्यावर दिसलं, प्रत्येक टाइलमागे मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, बाकी हवा. त्या हवेत पाणी जाऊन बसलेलं. भिंत महिनोन्‌महिने ओली. दुसऱ्यांदा लावताना अट एकच घातली, टाइलची सगळी पाठ मालाने किंवा केमिकलने (टाइल चिकटवायच्या तयार मिश्रणाने) भरलेली पाहिजे. दर थोडा वाढला, वाढू दे.

जुनाजाणता
२०१९ चं नाव काढू नका. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि तेव्हा ५५ च्या वर गेली होती. टाइल राहू दे, भिंत राहिली ह्यात समाधान.

तांबडा_पांढरा
धागा टाइलवरून राजाराम बंधाऱ्यावर पोचला. आता कोणीतरी काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचा विषय काढेल.

शिरोली_नाका
थेट पाइपलाइनचं पाणी आमच्याकडं अजून

तांबडा_पांढरा
बघा.

सिव्हिल_सायलेंट
😀 मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिलाय, खालून वर की वरून खाली. तिथे जास्त गडबड होते. निळी_छत्री, तीन मापं द्या. दाराजवळ तयार फरशी कुठे येणार, तिथपासून चौकटीची वरची कड किती, आणि ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भोक, कुठे?

निळी_छत्री
दाराजवळच्या तयार फरशीपासून चौकटीची वरची कड २१००. ट्रॅप लांबच्या डाव्या कोपऱ्यात. दारापासून ट्रॅपपर्यंत एक इंच ढाळ ठरलाय. वॉटरप्रूफिंग झालंय, पाणी भरून ठेवून बघितलंय, फरशी अजून बाकी. बाहेरच्या पॅसेजपेक्षा बाथरूम ४० मिमी खाली राहणार. मिक्सरचा मध्य फरशीपासून ४० इंच.

सिव्हिल_सायलेंट
छान. एक इंच म्हणजे २५ मिमी. दाराजवळची फरशी शून्य धरली तर ट्रॅपजवळची उणे २५.

गवंडी बहुतेक वेळा पहिली रांग सोडून दुसऱ्या रांगेपासून सुरू करतात. भिंतीवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लेव्हलमध्ये ठोकायची, तिच्यावर दुसरी रांग बसवत वर जायचं. फरशी झाली की मग पट्टी काढून खालची रांग, ढाळाप्रमाणे कापून. खालची टाइल फरशीवर टेकते, म्हणून भिंतीवरून ओघळलेलं पाणी सांध्यात न शिरता फरशीवर येतं.

आता ही पट्टी किती उंचीवर ठोकायची? बरेच जण दाराजवळच्या फरशीपासून एक टाइल मोजतात. तिथेच घात होतो. दाराजवळ ३०० बरोबर बसते, पण ट्रॅपजवळ फरशी २५ खाली असल्यामुळे तिथे ३२५ ची जागा, आणि टाइल ३०० ची. खाली इंचभर फट. मग ती फट पांढऱ्या सिमेंटने भरतात, सहा महिन्यांत काळी पडते.

मोजायचं सगळ्यात खोल जागेपासून. ट्रॅपपाशी अख्खी टाइल, तिथून दाराकडे येताना थोडी थोडी कापत. टाइल कापता येते, वाढवता येत नाही.

माहेर_गडहिंग्लज
हे आमच्या वन्संच्या घरी झालंय!! खाली काळी रेघ, रुंद होत होत कोपऱ्यात. मला वाटायचं डिझाइन आहे.

तांबडा_पांढरा
डिझाइनच म्हणायचं. पाहुण्यांसमोर हाय ते भारीच.

उद्यमनगरी
थांबा, मग वर काय होतं? सात रांगा म्हणजे ७ गुणिले ३०० अधिक सहा सांधे २ चे, २११२. ट्रॅपपासून मोजल्यावर दाराच्या फरशीपासून वरची कड येते २०८७ वर. चौकट २१०० वर. म्हणजे टाइल चौकटीच्या खाली १३ मिमी अडकली. चार सूत. हे तर अगदी डोळ्यावर येणार, कारण चौकट आणि टाइलची कड शेजारी शेजारी.

निळी_छत्री
अरे देवा.

सदाशिवपेठी
छतापर्यंत टाइल न्या, प्रश्नच मिटला. आजकाल सगळे तेच करतात.

निळी_छत्री
तेवढ्या घेतल्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत.

पेठेतला
स्पेसर ४ चे लावा. सहा सांध्यांत १२ मिमी वाढले, झालं की.

उद्यमनगरी
हिशेबाने बसतं, २१२४ येतात. पण चकचकीत टाइलला ४ चा सांधा म्हणजे भिंतीवर वहीच्या रेघा ओढल्यासारखं. शिवाय आडवे ४ आणि उभे २ बरे दिसत नाहीत, सगळे ४ करावे लागतील, मग माझं आडवं गणित परत.

गुण्या_ओळंबा
स्पेसर वाढवू नका, चौकट तासू नका. फरशी अजून झाली न्हाय ना? मग फरशी वर घ्या. खालच्या मालात १२ मिमी जादा.

धरा. फरशी १२ वर आली तर दाराजवळ चौकटीपर्यंत २०८८ राहिले. ट्रॅपपाशी अजून २५ खाली, म्हणजे २११३. तुमच्या सात रांगा २११२. एक मिमी उरतो, तो खालच्या सांध्यात. बाहेरच्या पॅसेजपेक्षा बाथरूम ४० खाली होतं ते २८ राहील, पाणी बाहेर यायची भीती न्हाय, वर उंबऱ्याचा ग्रॅनाइट हायच. ट्रॅपची जाळी तेवढी वर घ्यायला सांगा प्लंबरला, आत्ताच. फरशी झाल्यावर सांगितलं तर तो फोन उचलत न्हाय.

सिव्हिल_सायलेंट
हे सोपं आणि बरोबर. मी छतापर्यंत नेण्याकडे झुकत होतो, पण यात एकही टाइल वाढत नाही.

जुनाजाणता
टाइल खरंच ३०० ची आहे का ते कोणी बघितलं का? खोक्यावरचं माप आणि टेपवरचं माप वेगळं असतं. आमच्या फरशीला आणलेल्या चोवीस इंची टाइल्स चोवीस नव्हत्या.

गुण्या_ओळंबा
काका लाखात बोललात. वर गच्चीत दहा टाइल्स स्पेसर घालून सरळ ओळीत मांडायच्या आणि एकदम टेप लावायचा. एकेक मोजून फरक कळत न्हाय. टाइल २९८ ची निघाली तर सात रांगांत १४ मिमी गेले, आणि वरचं सगळं गणित पाण्यात.

दुसरं, सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर आणि शेड एकच आहे का बघा. गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या एकाच डिझाइनच्या दोन बॅचा शेजारी लावल्या की उन्हात फरक दिसतो, दुकानाच्या दिव्यात न्हाय. टाइलच्या पाठीवर बाण असतो, तो सगळ्यांचा एकाच दिशेला.

तिसरं, मापपट्टी करा. सात फुटाची लाकडी सरळ पट्टी, तिच्यावर पेन्सिलनं टाइल, सांधा, टाइल, सांधा अशा खुणा. ती भिंतीला उभी लावली की कुठली रांग खिडकीच्या तळाशी येती, कुठली मिक्सरच्या तोंडाशी, पाच मिनिटांत कळतं. आमचे वडील ह्या पट्टीशिवाय थापीला हात लावत नव्हते. आताची पोरं लेसर आणतात. लेसर लेव्हल दाखवतो, तुकडा किती येणार ते दाखवत न्हाय.

माहेर_गडहिंग्लज
मापपट्टीवरून सुचलं म्हणून विचारते. मिक्सर ४० इंचावर म्हणजे साधारण १०१६ ना? आणि हायलायटर चौथी रांग. तीन रांगा संपतात ९०६ वर, चौथी १२०६ पर्यंत. म्हणजे मिक्सर बरोबर हायलायटरमध्येच येतोय की!

निळी_छत्री
!!! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हायलायटर उठावाचा आहे, लाटालाटांचा.

गुण्या_ओळंबा
गडहिंग्लजच्या ताईंना मानलं. उठावाच्या टाइलवर मिक्सरची गोल वाटी सपाट बसत न्हाय. मागनं फट राहती, तिथं साबण जाऊन बसतो, आणि लाटेवर होलसॉ सरकतो. फरशी १२ वर घेतल्यावर मिक्सर ट्रॅपकडच्या फरशीपासून १०२९ वर येतोय, तरी चौथ्याच रांगेत. मिक्सर हलवायचा न्हाय, तर हायलायटर एक रांग वर. गडद चार रांगा, पाचवी हायलायटर, वर फिकट दोन. चौथी रांग ९०६ ते १२०६, भोकं सांध्यापासून १२० च्या वर. मोकळी जागा.

निळी_छत्री
म्हणजे एक रांग गडद वाढली आणि एक रांग फिकट कमी. दुकानदार न फोडलेली खोकी बदलून देतो म्हणालाय, विचारते. गडद जरा जास्त होईल का? बाथरूमला एकच खिडकी आहे.

माहेर_गडहिंग्लज
चार रांगा म्हणजे चार फूट. आमच्याकडे बोअरचं पाणी, फिकट टाइलवर खाली पांढरे-पिवळे डाग राहतात, गडदवर पांढरे. काही लावा, डाग आहेतच. गडद चार फूट घ्या, वर मोठा आरसा लावा.

शाहूपुरी_पूर
बोअरचं पाणी असेल तर सांधे इपॉक्सी ग्राउटने भरा. पांढऱ्या सिमेंटचे सांधे दर पावसाळ्यात काळे पडतात. पण इपॉक्सी भरताना लगेच पुसायला माणूस उभा पाहिजे, वाळल्यावर टाइलवरून निघता निघत नाही.

सदाशिवपेठी
मी एक मूलभूत प्रश्न विचारू? स्पेसर हवेतच कशाला? आमच्याकडे चिकटवून लावलेल्या आहेत, सांधाच नाही, किती स्वच्छ दिसतं.

सिव्हिल_सायलेंट
टाइल्समध्ये मिलिमीटरभर उणंअधिक असतंच. सांधा नसेल तर तो फरक साठत जातो आणि पाचव्या-सहाव्या टाइलला उभी रेघ तुटते. भिंत तापते, निवते, थोडी हलते, कडा एकमेकींना टेकलेल्या असतील तर कोपरा उडतो. दोन मिमी पुरे, पण हवाच.

आणखी एक, सिरॅमिक टाइल सिमेंटच्या मालात लावायची तर आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. केमिकलने लावायची असेल तर कोरडी. गवंडीमामा दोन्ही एकत्र करत नाहीत ना, तेवढं बघा.

तांबडा_पांढरा
इतकं वाचून माझ्या बाथरूमला गेलो. चौकटीच्या वर टाइल दोन सूत जास्त आली आहे. दहा वर्षांत दिसली नव्हती, आता रोज दिसणार. ह्या धाग्याचा निषेध.

पेठेतला
भावा, तुझ्या घरी मिसळ खायला यायचं म्हणजे आता बाथरूम बघायलाच.

निळी_छत्री
सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, आभार. आज गवंडीमामांसोबत बसले. हायलायटरची खोकी तशीच राहिली, फिकट एक रांग कमी आणि गडद एक रांग जास्त, दुकानदाराने बदलून दिली. बॅच नंबर तोच मिळाला. गच्चीत दहा टाइल्स मांडून बघितल्या, ३०० च आहेत. फरशी १२ वर घ्यायला मामा लगेच तयार झाले, म्हणाले "हे आधी सांगितलं असतं तर कोबाच तसा केला असता." मध्यावर टाइलचं पोट धरायला मात्र कुरकुर केली. म्हणे तुकडे जास्त कापावे लागतात आणि त्यांचा दर चौरस फुटावर आहे, कापण्यावर नाही. ते खरं आहे, म्हणून समोरच्या भिंतीचे थोडे जास्त देतेय.

आता एकच राहिलं. बाजूच्या भिंती २१३०. समोरच्या कोपऱ्यातून अख्खी धरून दाराकडे आले तर तीन अख्ख्या आणि ३२४ चा तुकडा. डाव्या भिंतीवर तो दाराच्या पल्ल्यामागे जातो, पण उजव्या भिंतीवर चौकटीशेजारी उघडा दिसतो. चालेल?

गुण्या_ओळंबा
चालेल. ३२४ म्हणजे अर्ध्या टाइलपेक्षा मोठा, चिंधी न्हाय. दोन्ही भिंतींचे उभे सांधे समोरासमोर आले पायजेत, म्हणून डावी-उजवी सारखीच ठेवा. उजव्या भिंतीला कापलेली कड चौकटीच्या बाजूला घ्या, कोपऱ्याच्या बाजूला न्हाय, चौकटीला लागून सिलिकॉनचा थर येतोच. आणि मामांचं तुकड्यांचं म्हणणं बरोबर हाय. आम्ही पण कापण्याचे वेगळेच घेतो.

उद्यमनगरी
कोरडी जागा आणि ओली जागा पण बघा. टॉवेल, हुक, गीझर यांची भोकं कुठे येणार ते भिंतीवर पेन्सिलने मांडून ठेवा, सांध्यावर येऊ देऊ नका.

निळी_छत्री
गीझर! तो कुठल्या भिंतीला लावायचा हे अजून ठरलंच नाहीये. त्यासाठी नवा धागा काढू का?

तांबडा_पांढरा
काढा. पण आधी मध्य काढा.

शिरोली_नाका
फुलेवाडीत साडूंचं बाथरूम चालू आहे, गुण्याभाऊ, ती मापपट्टी दोन दिवस द्याल का?

गुण्या_ओळंबा
पट्टी ज्या त्या टाइलची असती, माझी तुमच्या कामाला येत न्हाय. सात फुटाची बॅटन घ्या, साडूंची टाइल खाली ठेवून खुणा करा. साडूंचा सांधा किती मिमीचा धरलाय ते आधी विचारा, न्हायतर परत चार सूत कुठं तरी उगवायचे.